काल रात्री मुले कुठे झोपली? : अमेरिकेतील शाळा, घर सुटलेली मुले आणि फॉस्टर केअर (अनुभव धागा)

धाग्याचे निमंत्रण : प्रवेशकक्षातील कर्मचारी, इलिनॉय

गेली नऊ वर्षे मी येथील एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे परिसरातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेच्या, प्रवेशकक्षात काम करते. घर सुटलेल्या आणि फॉस्टर केअरमधील (आईवडिलांपासून दूर करून सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात किंवा संस्थेत ठेवलेल्या) मुलांची शाळा सुटू नये यासाठी अमेरिकेत बऱ्यापैकी पक्के कायदे आहेत. परंतु ते काउंटरवर, बसथांब्यावर आणि गुणपत्रिकेवर कसे उतरतात हे ज्याला काम पडते त्यालाच कळते. शिक्षक, स्वयंसेवक, फॉस्टर पालक किंवा स्वतः त्या प्रसंगातून गेलेली कुटुंबे, अशा मराठी मंडळींनी आपापले अनुभव येथे सविस्तर लिहावेत. मुलांची, शाळांची आणि गावांची नावे मात्र कृपया टाळावीत.

सुरुवात मीच करते. मूळ १९८७ सालच्या आणि आता मॅकिनी-व्हेंटो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार, ज्या मुलाला रात्री झोपण्यासाठी कायमची, नियमित आणि पुरेशी जागा नाही ते बेघर मानले जाते. मग ते शेल्टरमध्ये (बेघरांच्या तात्पुरत्या निवाऱ्यात) असो, मोटेलमध्ये असो, गाडीत झोपत असो, किंवा घर गेल्यामुळे वा पैशांच्या ओढाताणीमुळे दुसऱ्या कुटुंबाच्या घरात राहत असो. शाळांनी नोंदवलेल्या अशा मुलांची देशभरातील संख्या दरवर्षी १० लाखांच्या वर असते आणि त्यांतील बहुतेक मुले या शेवटच्या प्रकारातील असतात. पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद, जन्मदाखला यांपैकी काहीही हाताशी नसले तरी अशा मुलाला ताबडतोब वर्गात बसवावे लागते आणि कागद नंतर शाळेनेच मागवायचे असतात. या कामासाठी प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये एक लायझन (समन्वयक) नेमलेला असतो.

एका ऑक्टोबरात दोन मुलांना घेऊन एक आई आली. ‘तुम्ही बेघर आहात का?’ या प्रश्नापुढे तिने ‘नाही’वर ठळक खूण केली होती आणि पत्त्याच्या रकान्यात महामार्गालगतच्या मोटेलचे नाव, पुढे ‘खोली ११८’ असे लिहिले होते. मी तिला एवढेच विचारले, की काल रात्री मुले कुठे झोपली? ती बोटांवर मोजू लागली : सोमवारी मोटेल, मंगळवारी बहिणीकडे, काल गाडीत, कारण बहिणीच्या घरमालकाने हरकत घेतली. त्यानंतर तो पहिला प्रश्न मी आजवर कुणालाही मोठ्याने वाचून दाखवलेला नाही.

पालक, न्यू जर्सी

वरील आईने ‘नाही’वर खूण का केली हे मी सांगू शकतो, कारण मीही तेच केले होते. माझी नोकरी अचानक गेली, नोकरीशी बांधलेल्या एच-वन-बी व्हिसावर असल्यामुळे दुसरी नोकरी शोधायला जेमतेम ६० दिवस होते आणि घराचा करार त्याच महिन्यात संपत होता. आम्ही चौघे ११ मैलांवरच्या एका मित्राच्या तळघरात राहायला गेलो. आपल्याकडे कुणाच्या घरी महिनाभर राहणे याला पाहुणचार म्हणतात, फार तर अडचण म्हणतात; बेघर हा शब्द पुलाखाली झोपणाऱ्या माणसासाठी राखून ठेवलेला असतो. त्यामुळे मुलाचे नाव जुन्या शाळेतून कमी करून नव्या गावात घालायचे असे आम्ही ठरवले, आणि तेथील कार्यालयाने वीजबिल व भाडेकरार आणल्याशिवाय अर्जच घ्यायला नकार दिला. दोन्ही कागद मित्राच्या नावावर होते. मुलगा नऊ दिवस घरी बसून राहिला.

शेवटी जुन्या शाळेतील समुपदेशिकेने आपण होऊन फोन केला. तिने सांगितले, की तुमचा मुलगा त्याच्या मूळ शाळेतच राहू शकतो, तेच त्याच्या हिताचे आहे असे कायदा गृहीत धरतो आणि जाण्यायेण्याची सोय करणे ही डिस्ट्रिक्टची जबाबदारी आहे. व्हिसाविषयी कुणी चकार शब्द विचारला नाही. मूल या देशात कोणत्या कागदावर राहते यावरून त्याला सरकारी शाळा नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ सालचा निर्णय आहे. शाळेत जेवणही फुकट सुरू झाले.

व्हॅन पहाटे ५ वाजून ५० मिनिटांनी यायची, कारण वाटेत आणखी तीन मुलांना घ्यायचे असे. पाचवीतला मुलगा मांडीवर पोह्यांचा डबा घेऊन अंधारात पायरीवर बसलेला असायचा. हे सारे मिळाले याबद्दल मी ऋणी आहे. पण खरे सांगायचे तर तळघरात राहण्यापेक्षा त्या फॉर्मवरच्या चौकोनात खूण करणे मला अधिक जड गेले होते. आता आमचे घर झाले आहे, परंतु ते पुन्हा तिसऱ्याच गावात आहे. व्हॅन बंद होईल का, हे येथे कुणी सांगू शकेल काय?

न्यायालयनियुक्त स्वयंसेविका, कॅलिफोर्निया

फॉस्टर केअरमधील मुलांच्या वतीने न्यायालयात बोलण्यासाठी सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन नेमण्याची पद्धत १९७७ साली सिअ‍ॅटलमधील एका न्यायाधीशांनी सुरू केली. मी तेच काम करते. माझ्याकडे आलेली १६ वर्षांची मुलगी चौथ्या हायस्कूलमध्ये होती, आणि तिची अडचण अभ्यासाची नव्हती, बेरजेची होती.

येथे एका विषयाच्या एका सत्राला साधारण ५ क्रेडिट (हायस्कूल पूर्ण होण्यासाठी जमवायचे गुणांक) मिळतात. ही मुलगी दर वेळी सत्राच्या मध्यावर हलवली गेली, त्यामुळे बीजगणिताचा पूर्वार्ध तिने तीनदा शिकला होता आणि उत्तरार्ध एकदाही नाही. अर्ध्या सत्रात केलेल्या कामाचे अर्धे क्रेडिट देणे शाळांना बंधनकारक आहे. २००४ पासून अमलात असलेला राज्याचा कायदा तसे स्पष्ट सांगतो. प्रत्यक्षात तिच्या दोन जुन्या शाळांनी ते गुणपत्रिकेवर चढवलेच नव्हते. मी तीन महिने पत्रव्यवहार केला, हजेरीपटांच्या प्रती मागवल्या आणि अडीच-अडीच करत २२.५ क्रेडिट वसूल केले. वसूल हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे, कारण ते तिने कमावलेले होते.

याच राज्यात आणखी एक तरतूद आहे. हायस्कूलची दोन वर्षे संपल्यानंतर फॉस्टर किंवा बेघर विद्यार्थ्याची शाळा बदलली आणि नव्या डिस्ट्रिक्टच्या जादा अटी वेळेत पुऱ्या होणे शक्य नसेल, तर त्याला राज्याने ठरवलेल्या किमान १३० क्रेडिटवर हायस्कूल पूर्ण करता येते. पुष्कळ डिस्ट्रिक्ट एरवी २०० ते २३० मागतात. शाळा बदलल्यापासून ३० दिवसांच्या आत ही माहिती विद्यार्थ्याला व त्याच्या शैक्षणिक हक्कधारकाला (त्याच्या शिक्षणाचे निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीला) द्यायची असते. हे ऐकताच सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि तिथेच मला धोका वाटतो. किमान अटींवर हायस्कूल संपते, परंतु राज्याच्या विद्यापीठांना हवे असलेले गणित आणि प्रयोगशाळेचे विज्ञान त्यात राहून जाऊ शकते. चार वर्षांच्या हायस्कूलमध्ये पाचवे वर्ष थांबण्याचाही हक्क आहे हे समुपदेशक फारसे सांगत नाहीत. या मुलीने सवलत नाकारली, पाचवे वर्ष घेतले आणि बीजगणिताचा उत्तरार्ध पहिल्यांदा पाहिला. तो तिला आवडला नाही, हेही नमूद करते.

फॉस्टर पालक, वॉशिंग्टन राज्य

आमच्याकडे आठ वर्षांचा मुलगा एका शुक्रवारी रात्री काळ्या कचऱ्याच्या पिशवीत कपडे घेऊन आला. त्याची शाळा ४० मिनिटांवर होती आणि त्याने ती बदलू नये यावर सर्वांचे एकमत होते. प्रश्न होता तो पैशांचा. २००८ सालच्या केंद्रीय कायद्याने शाळेच्या स्थैर्याची जबाबदारी बालकल्याण खात्यावर टाकली, २०१५ सालच्या कायद्याने ती डिस्ट्रिक्टवरही टाकली आणि दोघांनी मिळून वाहतुकीची लेखी पद्धत ठरवावी असे सांगितले. लेखी पद्धत होती. मात्र जादा खर्च कुणी उचलायचा हे ठरेपर्यंत पाच आठवडे मी स्वतः गाडी चालवली आणि कामावर उशिरा पोहोचलो. वाद चालू असताना मुलाची ने-आण थांबता कामा नये असे त्याच कागदावर छापलेले होते, आणि ती थांबली नाही, कारण चालक मी होतो.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. २०१३ पासून बालकल्याण खात्याला आईवडिलांच्या संमतीवाचून शाळेची कागदपत्रे मिळू शकतात, म्हणून त्याच्या वाचनाच्या अडचणीचा अहवाल दुसऱ्याच आठवड्यात आमच्या हाती आला.

शिक्षिका, न्यू यॉर्क शहर

या शहरात दरवर्षी १ लाखाहून अधिक विद्यार्थी कधी ना कधी बेघर असतात, त्यामुळे माझ्या वर्गात असे मूल असणे ही विशेष बाब नव्हे. शाळा ब्रुकलिनमध्ये आणि शेल्टर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला ब्राँक्समध्ये, हे नित्याचे आहे. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला मी उठवत नाही. गृहपाठासाठी पुठ्ठा व रंग लागणार असतील तर ते काम वर्गातच करून घेते. आमच्या शाळेत कपडे धुण्याचे यंत्र आल्यावर सोमवारची हजेरी सुधारली. हे मी माझ्या हजेरीपटावरून सांगते आहे, संशोधन म्हणून नव्हे.

शाळेतील स्वयंसेवक, टेक्सस (मूळ बीड)

माझे आईवडील ऊसतोडीला जात आणि दिवाळीनंतर माझी शाळा कारखान्याच्या कोप्यांवर (तोडकामगारांच्या झोपड्यांवर) संपत असे. तेव्हा दुसऱ्या गावच्या गुरुजींनी पहिला प्रश्न ‘दाखला आणला का?’ हाच केला होता. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवू नये असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आता लिहिलेले आहे, आणि महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहे व स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावी प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्डही आले. फरक मला जाणवतो तो एवढाच, की येथे कार्ड मुलाच्या हातात देत नाहीत, तर डिस्ट्रिक्टमधील एका माणसाचे नाव व दूरध्वनी भिंतीवर लावतात. कार्ड हरवते, मी स्वतःच किती वह्या हरवल्या होत्या.

धागाकर्ती, इलिनॉय

न्यू जर्सीच्या पालकांना उत्तर देते. घर मिळाले तरी चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मुलाला मूळ शाळेत राहण्याचा हक्क आहे आणि तोवरची वाहतूकही डिस्ट्रिक्टनेच करायची आहे. तुमचे नवे घर तिसऱ्या गावात असल्याने त्यात फरक पडत नाही. कुणी नकार दिलाच तर तो लेखी मागा आणि लायझनकडे अपील करा. वाद मिटेपर्यंत मुलगा शाळेतच राहतो. नवा पत्ता मात्र आजच कळवा, नाहीतर उद्या पहाटे व्हॅन तळघराच्या दारात येऊन उभी राहील.