हॉलमधला मोठा राइस कुकर: भात गरम का राहत नाही?

वैशाली (बी-३०४): नमस्कार मंडळी. परत तेच झालं. रविवारच्या कट्ट्याला साडेअकराला भात तयार, खटका वॉर्मवर, पिवळा दिवाही लागलेला. दीडला पंगत बसली तर भात कोमट. बाबा आजोबांनी ताट बाजूला सारलं. मागच्या महिन्यात बोलले तेव्हा "बघू" म्हणालात. आता नक्की कोण बघणार?

शिंदे (ए-१०२): हॉलच्या भांड्यांच्या खर्चाचा हिशोब अजून ग्रुपवर आलेला नाही. कृपया टाकावा.

मनीषा (सी-२०१): ताई, साधा कुकर लावा, तीन शिट्ट्या. आमच्याकडे कधी कोमट भात नाही 😄

वैशाली: मनीषा, पंचवीस माणसांना किती कुकर लावू? ये तू रविवारी, शिट्ट्या मोज.

मनीषा: गंमत केली हो.

सुहास (सी-३०३): बारशाच्या आधी तो नीट चालत होता एवढंच म्हणतो. कोणाचं नाव घेत नाही.

रूपाली (बी-२०२): सुहासदादा, नाव घ्या की. बारसं आमच्याच घरी होतं. कुकर धुऊन, पुसून, देशपांडेकाकांच्या हातात दिलाय. भात तेव्हाही गार झाला होता, पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून गप्प बसले.

देशपांडे (सचिव): रूपाली म्हणते ते खरं आहे. कुकर स्वच्छ परत आला होता. विषय कुकरचा आहे, तेवढाच ठेवूया.

शिंदे: आणि हिशोबाचा.

नाना (ए-३०१): मी सकाळी हॉलमध्ये जाऊन पाहिला. नीट वाचा. भात शिजतोय, म्हणजे खालची तापणारी तबकडी चांगली आहे. आतला थर्मल फ्यूजही (फार तापलं की वीज तोडणारा) शाबूत, तो उडाला असता तर कुकरने भात शिजवलाच नसता. मधोमध जो स्प्रिंगवरचा गोल असतो त्यात चुंबक आहे. पाणी आहे तोवर भांड्याचा तळ १०० अंशांच्या वर जात नाही. पाणी आटलं की तापमान चढतं, साधारण १०३ ला चुंबक पकड सोडतो आणि खटका वॉर्मवर पडतो. तेही बरोबर होतंय. बिघाड आहे तो त्याच्या पुढे. खटका पडल्यावर थोडीशी उष्णता देणारी जी वेगळी वाट असते, ती तुटली आहे.

सुहास: पण दिवा तर लागतोय ना?

नाना: दिव्याची वाट वेगळी असू शकते. दिवा लागला म्हणजे उष्णता येतेच असं नाही. घरगुती कुकर शिजवताना ७०० ते १००० वॅट ओढतो, वॉर्मला ४०-५० च्या आसपास. वॉर्मची ती बारीक कॉइल तुटली किंवा तिची वायर जळून सुटली तरी वरून काही कळत नाही. काही मॉडेलमध्ये तिथे छोटा थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे वीज चालू-बंद करणारा) असतो, त्याच्या टोकांवर काजळी धरते.

नाना: ह्याचा इतिहासही मजेशीर आहे. तोशिबाने १९५५ साली जपानमध्ये आपोआप बंद होणारा कुकर विकायला आणला. बाहेरच्या भांड्यात पाणी घालायचं, ते आटलं की

वैशाली: नाना, इतिहास कट्ट्यावर सांगा, सगळे ऐकू. आत्ता रविवारचं बोला.

साक्षी (सी-१०४): माझ्याकडे केकसाठीचा थर्मामीटर आहे. आज संध्याकाळी थोडा भात लावून बघू का? तापाचा नको हं कोणी आणू, तो ४२ ला संपतो.

देशपांडे: जरूर. भांड्याचा तळ आणि तबकडी आधी कोरड्या फडक्याने पुसून घे. मागे एकदा शीत अडकलं होतं तिथे.

रूपाली: आणि भांडं तारेच्या घासणीने कोण घासतं तेही विचारा. तळाला पोचा आलाय, तबकडीला नीट टेकत नाही.

मनीषा: आता मावशींवर ढकलू नका. पोचा आल्याने शिजायलाच त्रास झाला असता ना नाना?

नाना: बरोबर बोललीस.

साक्षी: रिपोर्ट. झाकण एकदाही उघडलं नाही, बटण चालू, दिवा लागलेला. दीड तासाने मध्यभागी ५४, कडेला ४६. तबकडीवर हात ठेवला तर जेमतेम कोमट.

डॉ. गौरी (बी-१०१): मग मला गंभीरपणे बोलायचंय, मस्करी थांबवा. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. शिजवून ते मरत नाहीत. भात ६० अंशांच्या खाली बराच वेळ राहिला की ते वाढतात आणि त्यातले काही असं विष तयार करतात, जे परत उकळूनही जात नाही. म्हणून "पुन्हा वाफ काढली की झालं" हे चालणार नाही. कट्ट्यावर सत्तरी-ऐंशीची माणसं आहेत. उलट्या-जुलाब त्यांना झेपत नाहीत.

सुहास: आमची आजी रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची, काही झालं नाही.

डॉ. गौरी: सुहास, मीही फोडणीचा भात खाते. पण भात तास-दोन तासात परातीत पसरून गार करायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा. हॉलच्या ओट्यावर कोमट ठेवायचा नाही. एवढंच मागणं आहे माझं.

शिंदे: दुरुस्तीला खर्च येणार. आधीचा हिशोब आला की मंजुरी देऊ.

वैशाली: काका, दुपारी तीनपर्यंत उभी राहून मी वाढते. हिशोब वहीत आहे, वही हॉलच्या कपाटात आहे. येऊन बघा ना एकदा.

देशपांडे: शिंदेसाहेब, आज रात्री वहीचे फोटो टाकतो. उशीर झाला हे मान्य.

शिंदे: धन्यवाद. तेवढंच हवं होतं.

सुहास: नवाच घेऊन टाकू ना. जुन्यावर पैसे कशाला?

नाना: चांगली तबकडी, चांगलं भांडं, आणि एका कॉइलपायी भंगारात? दुरुस्तीवाल्याकडे नेऊ, मी सोबत जातो. फक्त कोणी हौसेने घरी उघडू नका. आणि एक्स्टेंशन बोर्डावर लावणं बंद करा, भिंतीच्या पंधरा अँपियरच्या सॉकेटलाच लावा. त्या बोर्डाची पिन एका बाजूने काळी पडलीय, मी आज बघितली.

रूपाली: काळी पिन? मुलं तिथेच खेळतात. तो बोर्ड काढून टाका आधी.

देशपांडे: काढला. आत्ताच ऑफिसमध्ये आणून ठेवला.

वैशाली: मग या रविवारी असं करू. भात साडेबाराला लावते, एकला होईल, लगेच वाढू. उरलेला डब्यात भरून ज्याने त्याने घरी न्यायचा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा. वरण मनीषाकडे, तिच्या शिट्ट्यांसकट.

मनीषा: चालेल 😄 तूप मीच आणते.

सुहास: रूपाली, सकाळचं मनावर घेऊ नकोस.

रूपाली: बरं.

नाना: दुरुस्तीवाला उद्या दहाला दुकान उघडतो. हॉलची किल्ली कोणाकडे आहे?