धुमेला पल्टेक प्लगिन: सोलोत भारी, मिक्समध्ये चिखल

सांगली_मिक्स:
भजनाचं रेकॉर्डिंग आहे: पखवाज (धूम म्हणजे खर्जाची डावी बाजू आणि शाई म्हणजे उजवी, दोन्हींना वेगळे माइक), पेटी, टाळ, गायक, कोरस. रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. धुमेवर पल्टेकच्या ईक्यूपी-१ए या जुन्या ट्यूब ईक्यूची (खर्ज-तार कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) नक्कल करणारं प्लगिन: ६० हर्ट्झवर बूस्ट (वाढ) ५, अटेन (घट) ४. एकटी धूम छातीत बसते, पण सगळं एकत्र वाजलं की पेटीचं खालचं सप्तक बुजतं. टाळांना १० के (१० हजार हर्ट्झ) वर बूस्ट ४ दिलं तर ते काचेसारखे टोचतात. नॉब कमी केले तरी तेच. ट्रॅकचे पीक (सगळ्यात मोठे ठोके) −१ डीबीएफएसवर आहेत, म्हणजे डिजिटल कमाल ० च्या जेमतेम खाली. कुठं चुकतंय?

ट्यूब_आणि_तार:
भावा, आधी ते −१ सोड. ही प्लगिनं बहुतेक −१८ डीबीएफएस म्हणजे ० व्हीयू (जुन्या यंत्रांच्या काट्यावरची नेहमीची पातळी) धरून बनवलेली असतात. मूळ यंत्रात पॅसिव्ह फिल्टर सुमारे १६ डीबी खातो आणि पुढची ट्यूबची पायरी ते भरून काढते. नॉब शून्यावर असले तरी आवाज ट्यूब-ट्रान्सफॉर्मरमधून जातोच, म्हणून नॉब कमी करून पोत बदलत नाही. प्लगिनच्या आधी व्हॉल्यूम टाकून धूम −१० च्या आसपास पीक करेल इतकी उतरव, टाळ त्याहून थोडे खाली.

मिरज_खर्ज:
खालचं सांगतो. ६० हा डोंगर नाही, शेल्फ आहे, म्हणजे त्याच्या खालचं सगळंच उचलतो. त्याचा उतार १०० च्या पुढेही जातो. अटेनचा उतार थोडा वर सुरू होतो, म्हणून दोन्ही मिळून खाली फुगवटा आणि वर काही शे हर्ट्झला खड्डा पडतो. खड्डा नेमका कुठं पडतो ते अंदाजानं धरू नकोस. प्लगिनमधून पिंक नॉइज (सगळे पट्टे सारखे भरलेला चाचणीचा खरखराट) सोडून अ‍ॅनलायझरवर बघ. मग धुमेचा मूळ स्वर बघ. धुमेला लावलेली कणीक जितकी जास्त, तितका तो खाली. तो ८०-९० ला असेल तर ६० ऐवजी १०० निवडून बूस्ट ३ पुरतं.
पेटीचा चिखल मात्र पल्टेकनं निघत नाही, त्यात अरुंद कट नाही. साध्या ईक्यूनं पेटीला १०० खाली हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) दे आणि २५० च्या आसपास २-३ डीबी काढ. सा १३१ ला असेल तर हाय-पास त्याच्या वर नेऊ नकोस.
आणि प्लगिन एकट्या धुमेच्या माइकवर नको. शाईच्या माइकातही धूम शिरते. एकाच माइकवर ईक्यू लावलं की फेज (दोन माइकांच्या लहरींचा मेळ) सरकते आणि ठोका पातळ होतो. दोन्ही एका बसवर (एकत्र केलेल्या ट्रॅकवर) घेऊन तिथं लाव.

नाद_४८:
टाळांचं टोचणं म्हणजे बहुतेक एलियासिंग: सेशनच्या मर्यादेवरचा आवाज खाली दुमडून खोटा स्वर होणं. ट्यूबच्या नकलेनं १० के चा पाचवा हार्मोनिक (पाचपट स्वर) तयार होतो, ५० के. ४८ च्या सेशनमध्ये तो दुमडून २ के ला येतो, नेमका गायकाच्या शब्दांवर. प्लगिनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (आतलं काम जास्त सॅम्पल रेटवर करणं) ४ पट कर. रेकॉर्ड करताना थेट ऐकत (मॉनिटरिंग) असशील तर बंद ठेव, उशीर वाढतो. बँडविड्थ (बूस्टची रुंदी) ब्रॉडकडे ने, शार्पला तोच बूस्ट उंच सुळका होतो. टाळ मुळातच चकचकीत असतात, तेव्हा बूस्ट ० करून अटेन सिलेक्ट (तारेची घट कुठं ते ठरवणारा खटका) २० वर ठेवून अटेन २ करून ऐक.

सांगली_मिक्स:
बस केली, ओव्हरसॅम्पलिंग लावलं, टाळ बसले. आता शांत आलापीत हलका गुणगुणाट ऐकू येतोय.

ट्यूब_आणि_तार:
प्लगिनमध्ये ५०/६०/ऑफ असा मेन्सचा (विजेच्या हर्ट्झचा) खटका असेल तर ऑफ कर. तो जुन्या यंत्राचा हम मुद्दाम घातलेला असतो. आणि बायपास करून (प्लगिन तात्पुरतं बंद करून) तुलना करताना आउटपुट जुळव. एक डीबी मोठं असलं तरी कान त्यालाच चांगलं म्हणतो.