सप्ताहात चाली म्हणतो, वरचा सा पातळ होतो. खिशातलं धुक्याचं मशीन घ्यावं का?

काळीपाच_बीड
रामकृष्णहरी मंडळी. मी सप्ताहात महाराजांच्या मागं उभा राहून चाली म्हणतो. माघ लागला की रोज नवं गाव. रात्री 9 ते 11 कीर्तन, मग गाडी. काचा खाली केल्या तर फुफाटा, वर केल्या तर एसी. पाच-सहा गावं झाली की आवाज बसत नाही, पण वरचा सा लावायला गेलं की नुसती हवा येते. मधला सप्तक ठणठणीत. ज्येष्ठमध, खडीसाखर, मिरी, खदिरादि वटी असं अर्धं दुकान खिशात असतं.

आमच्या मृदंगमणींनी, म्हणजे पखवाज वाजवणाऱ्यांनी, मोबाइलवर गायकांसाठीचं एक मशीन दाखवलं. मुठीत मावतं, चार्जिंगवर चालतं, तोंडाशी धरून थंड धुकं आत ओढायचं. खरंच फरक पडतो का? आणि त्यात घालायचं काय? एकजण म्हणतो मिठाचं पाणी, दुसरा म्हणतो निलगिरीचे दोन थेंब. घरी पातेलं-टॉवेलची वाफ आहेच, मग हे कशाला, असं घरचे म्हणतात.

पेटीवाले_आप्पा
आमचे बुवा लवंग दाढेत धरून रात्रभर भजन करायचे. मशीनबिशीन काही नको. रियाज वाढव.

वाणीताई_लातूर
आप्पा, नमस्कार. लवंगेला माझा विरोध नाही, पण ती जाते कुठं ते बघू. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावर झाकण पडतं आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. स्वरतंतूंना त्यातला थेंब लागत नाही. लागलाच तर ठसका! पाण्याचंही तेच. प्यालेलं पाणी रक्तातून फिरून तिथं पोचतं, त्याला वेळ लागतो. म्हणून कीर्तन नऊला असेल तर पाणी दुपारपासून प्या, उभं राहताना गटागटा तांब्या रिकामा करून उपयोग नाही.

मी वाचा-उपचार करते. माझ्याकडे शिक्षिका येतात, अडतीत सौदे पुकारणारे येतात, आणि सप्ताहाच्या दिवसांत तुमच्यासारखे गायक. दादा, तुमचं नाव काळीपाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी, आहे म्हणून सांगते, त्या पट्टीतला वरचा सा म्हणजे सेकंदाला साधारण 466 कंपनं. तितक्या वेळा ते दोन तंतू एकमेकांना भिडतात. वरचा ओलावा सुकला की त्यांना हलवायलाच जास्त दम लावावा लागतो, आणि ते आधी कळतं वरच्या सुरांत, त्यातही हळू गाताना. तुमची तक्रार नेमकी तशीच वाटते.

थेट तिथवर पोचतो तो फक्त श्वास. म्हणून या मशीनला अर्थ आहे. 2010 साली अमेरिकेत शास्त्रीय गाणं शिकलेल्या सोप्रानो गायिकांवर प्रयोग छापून आला होता. आधी तोंडानं कोरडी हवा ओढायला लावली, मग सलाइनचा, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याचा, फवारा दिला. सलाइननंतर आवाज लावायला कमी कष्ट पडतात असं त्यांनी सांगितलं. हे त्यांचं स्वतःचं सांगणं आहे, तेवढंच धरा. आवाज कमावून देणारं यंत्र नव्हे ते.

घालायचं काय, हे मशीनपेक्षा महत्त्वाचं. फक्त 0.9 टक्के सलाइन, औषधाच्या दुकानात छोट्या सीलबंद प्लास्टिकच्या कुप्यांत मिळतं. लेबल वाचून घ्या, कारण त्याच फळीवर 3 टक्क्यांचंही असतं. ते छातीतला कफ सुटण्यासाठी. तुम्ही ओढलंत तर कीर्तनाऐवजी खोकला होईल. साधं पाणी, फिल्टरचं, अगदी डिस्टिल्डसुद्धा नको. त्यात पुरेसे क्षार नसल्यानं श्वासनलिकेला ते झोंबतं, दम्याच्या माणसाची छाती आवळते. घरचं मीठ कालवून केलेलं पाणी निर्जंतुक नसतं. आणि निलगिरी, पुदिन्याचा अर्क, कापूर, गुलाबपाणी यांतलं काहीही नाही! तेल फुफ्फुसात जाऊन बसलं तर न्यूमोनियासारखा त्रास होतो.

मशीन घेताना 'मेश नेब्युलायझर' बघा. बारीक छिद्रांची पातळ चकती कंप पावते आणि धुकं निघतं, आवाज जवळपास नाही. दवाखान्यातलं पंपाचं मशीन घरघरतं आणि त्याला प्लग लागतो, गाडीत काय करणार? पण चेहऱ्यावर मारायचे फवारेही दिसायला असेच असतात. ते श्वासात ओढण्यासाठी नाहीत, स्वस्त मिळाले तरी नको. कीर्तनाआधी पाचदहा मिनिटं, तोंडानं, सावकाश. नंतरही एकदा घेतलंत तर चांगलं.

पातेल्याची वाफ चालते. फक्त उकळतं भांडं मांडीजवळ घेऊन टॉवेलखाली बसू नका. भांडं कलंडून भाजल्याच्या गोष्टी मी फार ऐकते.

आता न विचारलेलं विचारते. जेवण कधी करता?

काळीपाच_बीड
ताई, कीर्तनानंतरच. गाणाऱ्यानं भरल्या पोटी उभं राहायचं नसतं म्हणतात. मग साडेअकराला कुणाच्या तरी घरी पंगत, तर्रीची भाजी, आग्रह, आणि गाडीत झोप.

वाणीताई_लातूर
मग सकाळी उठल्यावर घसा खाकरावा लागत असेल, तोंड आंबट. जठरातलं आम्ल झोपेत वर येऊन स्वरयंत्राच्या मागच्या भागाला लागत असेल, ही शक्यता धरा. ते धुक्यानं जाणार नाही. संध्याकाळी सहाला भाकरी-दूध, रात्री यजमानांचं मन राखण्यापुरतं. सीट मागं पाडून आडवं होण्याआधी निदान दोन तास जाऊ द्या. जमेल तेवढंच, मला पंगत माहीत आहे.

भोंगेवाला
मंडप-साउंड माझा धंदा. खरं दुखणं मी सांगतो. वीस-पंचवीस टाळकरी, पखवाज कानाशी, आणि साउंडवाल्यानं सगळे बॉक्स लोकांकडं तोंड करून लावलेले. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मग तो ओरडतो. माझ्याकडं एक मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडं तोंड करून ठेवायचा बॉक्स, जास्तीचा असतो, तो गायकांच्या पायाशी ठेवतो. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, कारण वाहून न्यावा लागतो. माइकपासून हातभर लांब उभं राहणाऱ्यांना तर मी काही करू शकत नाही.

पेटीवाले_आप्पा
हे मात्र खरं. आणि पट्टीचं काय? प्रत्येकाला काळी पाचच पाहिजे. काळी चारमध्ये विठ्ठल ऐकत नाही का?

निवेदिका_सांगली
मला दमा आहे म्हणून लिहिते. माझ्या छातीच्या डॉक्टरांनी सलाइनचा फवारा पहिल्यांदा त्यांच्यासमोरच घ्यायला लावला, इनहेलर जवळ ठेवून. दम्याच्या कुणी परस्पर सुरू करू नये. मला लग्नसराईत उपयोग होतो, विशेषतः एसी हॉलमध्ये.

काळीपाच_बीड
सगळ्यांचे आभार. आप्पा, पट्टी महाराज ठरवतात, मी कोण! ताई, कुपी फोडून अर्धी उरली तर दुसऱ्या दिवशी चालेल का? आणि प्रवासात मशीन धुवायचं कसं?

वाणीताई_लातूर
उरलेलं टाकून द्या, उघडी कुपी जपून ठेवायची वस्तू नाही. मशीनच्या वाटीत सलाइन तसंच राहू देऊ नका, मीठ वाळून जाळीची छिद्रं बुजतात. वापरून झालं की थोडं डिस्टिल्ड पाणी घालून मिनिटभर चालवा, ते ओढू नका, हवेत सोडा. झटकून कोरडं करून मगच डबीत. जाळीला बोट किंवा पिन लावलीत तर मशीन गेलं. तोंडाचा भाग प्रत्येकाचा वेगळा, मृदंगमणींना मोह झाला तरी.

सप्ताह संपल्यावर विश्रांती घेऊनही वरच्या सा मधली ती हवा तीन आठवड्यांच्या पुढं राहिली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्या. गाठ असेल तर ती बाहेरून कळत नाही.