मदत हवी आहे : राष्ट्रपती लष्करप्रमुखांना थेट हुकूम देऊ शकतात का?

खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी दहावीला समाजविज्ञान शिकवतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने येथे घरोघरी फौजी आहेत आणि मुलांचे प्रश्नही तसेच नेमके असतात. एका निवृत्त सुभेदारांच्या नातवाने विचारले, "सर, आजोबांना कमिशन (लष्करी पदाची सनद) राष्ट्रपतींनी दिले, मग लढाईचा हुकूमही तेच देतात का?"

संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे असून त्याचा वापर कायद्याने विनियमित होईल, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 53(2) सांगतो. अनुच्छेद 74 प्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीमुळे तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो, एवढे मला ठाऊक आहे. 1950 चा सेना अधिनियमही चाळला; त्यात राष्ट्रपतींनी कमिशन देण्याची तरतूद आहे, पण मोहिमेचा हुकूम कोणी द्यायचा हे मला त्यात सापडले नाही. पाठ्यपुस्तक तर एका ओळीत विषय संपवते.

सरन्यायाधीशांसमोरची शपथ, प्रजासत्ताक दिनाची मानवंदना वगैरे औपचारिक भाग नको आहे, आणि कोणत्या राष्ट्रपतींनी काय करायला हवे होते हा वादही नको. उत्तर मराठीत व अनुच्छेद वा कलमाच्या क्रमांकासह मिळाल्यास वर्गात फळ्यावर लिहिता येईल.

अनुच्छेद 53(2) मधील 'कायदा' म्हणजे नेमके कोणते अधिनियम, आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविना राष्ट्रपतींनी दिलेला हुकूम लष्करप्रमुखांवर बंधनकारक ठरेल का?