मदत हवी आहे: १०० लिटरच्या रीफ टँकमधला (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा) मॅन्डरिन मासा खंगत चाललाय

मंडळी, मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. टँक दीड वर्ष जुना, खारटपणा १.०२५, तापमान २६ अंश. सोबत फक्त क्लाऊनफिशची जोडी. ओळखीच्या एकांनी टँक मोडला, म्हणून त्यांचा मॅन्डरिन माझ्याकडे आला.

रंग अजून झकास आहे, दिवसभर दगडांवर टिपत फिरतो. पण पोट आत गेलंय. रात्री टॉर्च मारली तर काचेवर कोपेपॉड (त्याचं खाद्य असलेले अगदी बारीक कवचधारी जीव) जवळपास नाहीतच, म्हणजे टिपून टिपून सगळे संपवले असावेत.

गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) तोंडात घेतो आणि थुंकतो. पेलेटकडे (सुक्या खाद्याच्या गोळ्या) बघतही नाही. नुकतीच फुटलेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) पिल्लं मात्र खातो. पंप बंद करून, काचेच्या बरणीत नळीने सोडली तर बरीच पोटात जातात, नाहीतर क्लाऊन आधीच फडशा पाडतात (भलते हावरट आहेत!).

मोठ्या टँकला घरात जागा नाही. बाहेरून टांगायचं रेफ्युजियम (कोपेपॉड सुरक्षित वाढावेत म्हणून शेवाळाचा वेगळा कप्पा) लावू शकतो, त्यासाठी कीटोमॉर्फा शेवाळ आहे. वेगळ्या बादलीत कोपेपॉड वाढवायचीही तयारी आहे, पण कल्चर (वाढवायला लागणारं जिवंत विरजण) इथे मिळत नाही. पुण्या-मुंबईहून रात्रीच्या बसने मागवावं लागेल. कोल्हापूर-गोव्याकडे कुणाचा मोठा, मुरलेला टँक असेल तर मासा आनंदाने देईन.

तोवर एवढंच सांगा: कोपेपॉडच्या जातींपैकी सुरुवात टिस्बेने करू की टिग्रिओपसने? आणि कल्चर धरेपर्यंत नुसत्या आर्टेमियावर त्याला तगवायचं तर दिवसातून किती वेळा द्यावं लागेल?