विषय: स्लाउची खोली की किंग्ज क्रॉसची खाट?

प्रेषक: शहापूरच्या बाई, बेळगाव

लंडन परिसरातल्या आपल्या गावकऱ्यांच्या मंडळाला सप्रेम नमस्कार.

व्हिसा हाती आला आणि तारीख बदलता न येणारे, म्हणूनच स्वस्त पडलेले तिकीटही काढून झाले. तेव्हा ऑक्टोबर बरा की मे बरा, ही चर्चा आता कृपया पुन्हा उकरून काढू नये. मी गुरुवारी सकाळी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरते आणि पुढच्या बुधवारी रात्री परत निघते. येत्या रविवारपर्यंत मला मुक्कामाचा निकाल लावायचा आहे. खानापूरकरांनी लंडनबाहेर, पश्चिमेला असलेल्या स्लाउच्या घरातली माडीवरची खोली आपुलकीने देऊ केली आहे. दुसरीकडे भाचीने लंडनच्या मध्यातल्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळच्या एका वसतिगृहात, फक्त स्त्रियांच्या खोलीत, एक खाट पाहून ठेवली आहे. तिचे पैसे मात्र रोज मोजावे लागतील. प्रवास निवृत्तिवेतनातून चालला असल्याने फुकटची सोय सोडवत नाही. पण एकटीने आणि आपल्या वेळेने शहर पाहता यावे म्हणून तर मी सहलकंपनीचा नाद सोडला.

पाहायचे आहे ते ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), ग्रिनिच, डॉ. आंबेडकरांचे घर आणि थेम्सकाठचा बसवेश्वरांचा पुतळा. दुसरी अडचण कार्डाची. माझे रुपे कार्ड देशाबाहेर चालणार नाही, असे बँकेच्या शाखेत दुसऱ्या खेपेला सांगितले. पहिल्या खेपेला ‘सगळीकडे चालते’ असे सांगितले होते. तेव्हा लंडनच्या बस-गाड्यांसाठी आधी पैसे भरून वापरायचे ऑयस्टर कार्ड घ्यावे का?

प्रेषक: खानापूरकर, स्लाउ

बाई, सादर नमस्कार.

आपण आम्हाला भूमिती शिकवलीत, आणि आपण लंडनला येऊन खाटेचे भाडे भरायचे, हे आमच्या घरात कोणालाच पटलेले नाही. विमानतळ आमच्याकडून जवळ आहे. २०२२ साली एलिझाबेथ लाईन ही रेल्वे सुरू झाल्यापासून स्लाउहून गाडी न बदलता टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरता येते आणि तेथून ब्रिटिश म्युझियम चालत गाठता येते. ऑयस्टर विमानतळावरच मिळते, ते घ्यावे म्हणजे झाले. शिवाय गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांची सोय स्लाउने करायची, हे मंडळात पूर्वीपासून ठरलेले आहे; नव्या सभासदांच्या माहितीसाठी हे लिहितो.

प्रेषक: कडोलीकर, ईस्ट हॅम

खानापूरकर, ठरले होते ते गणपतीच्या गुरुजींच्या मुक्कामापुरते. पण तो विषय येथे नको.

ऑयस्टर स्लाउला चालतच नाही. त्या मार्गावर त्याची हद्द वेस्ट ड्रेटनला संपते. पुढे रेडिंगपर्यंत कागदी तिकीट काढायचे किंवा कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड स्थानकावरच्या यंत्राला टेकवायचे. म्हणजे खोली स्लाउची आणि कार्ड ऑयस्टर, ही जोडी जमत नाही. तुम्ही स्वतः बँकेचे कार्ड वापरता, म्हणून हे तुमच्या लक्षात येत नसावे.

दुसरे असे, की बाईंच्या यादीतली बहुतेक ठिकाणे विनाशुल्क आहेत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्ही अँड ए आणि ग्रिनिचचे नॅशनल मॅरिटाईम म्युझियम या कायमस्वरूपी संग्रहांना तिकीट नाही. तिकीट आहे ते ग्रिनिचच्या वेधशाळेला. प्रवेश फुकट असल्यावर खर्च उरतो तो येण्याजाण्याचा, आणि तोच स्लाउला राहिल्याने वाढतो. किंग्ज क्रॉसहून ब्रिटिश म्युझियम साधारण पंचवीस मिनिटे चालत आहे. बसचे भाडे २०२५ मध्ये १.७५ पौंड होते आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढेच पडते. मात्र २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, त्यामुळे कोणते ना कोणते कार्ड लागणारच. हीथ्रोहून भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाईन थेट किंग्ज क्रॉसला जाते; हीथ्रो एक्स्प्रेसच्या फलकांकडे पाहूही नये, ती महागडी गाडी पॅडिंग्टनला सोडते आणि तेथून पुन्हा दुसरी गाडी शोधावी लागते.

फुकटातले शहर पाहायला मुक्काम मध्यात हवा. माडीवरची खोली फुकट आहे. स्लाउ फुकट नाही.

प्रेषक: निपाणीच्या वहिनी, हॅरो

कडोलीकर भावोजींनी कार्डाचे लिहिले ते बरोबर आहे, पण अर्धेच लिहिले. स्थानकात आत जाताना जे टेकवले तेच बाहेर पडताना टेकवावे लागते. आमचे मामंजी आले होते तेव्हा वेम्ब्ली पार्कला आत जाताना त्यांनी मुलाचा मोबाईल टेकवला आणि बेकर स्ट्रीटला बाहेर पडताना खिशातले कार्ड. बँक खाते एकच असले तरी यंत्राच्या लेखी ते दोन प्रवासी झाले, दोघांचाही प्रवास अपुरा राहिला आणि दोन्हीकडून कमाल भाडे कापले गेले. मामंजींनी त्यानंतर मुक्काम संपेपर्यंत कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात ठेवले आणि मोबाईल घरी.

बाई, आपण बेळगावातूनच पौंड भरलेले प्रवासी प्रीपेड कार्ड घ्यावे. व्हिसाचे किंवा मास्टरकार्डाचे असावे आणि त्यावर कॉन्टॅक्टलेसची लाटांसारखी चार रेघांची खूण आहे ना, हे काउंटरवरच पाहून घ्यावे.

आणखी एक. कुंदा आणू नये. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणण्यास येथे मनाई आहे आणि कुंदा म्हणजे सगळा खवाच. मंडळातल्या कोणी कुंदा मागितला असेल, तर त्यांनी तो बेळगावला जाऊन खावा.

प्रेषक: खानापूरकर, स्लाउ

कुंदा आम्ही मागितलेला नाही, बाईंनीच विचारले होते.

खर्चाचे म्हणाल तर सकाळची न्याहारी, रात्रीची भाकरी-भाजी आणि धुणे यांचा हिशेब कडोलीकरांनी धरलेला नाही. आणि व्ही अँड एमध्ये महाराजांची वाघनखे पाहायला मी स्वतः बाईंना घेऊन जाणार होतो. एकटीने त्या दालनांत फिरताना माणूस हरवतो.

प्रेषक: कडोलीकर, ईस्ट हॅम

ती वाघनखे २०२४ च्या जुलैत, तीन वर्षांच्या कराराने, साताऱ्याला गेली. बाईंना ती पाहायला व्हिसा लागला नसता, बेळगावहून एस.टी. पुरली असती.

प्रेषक: कार्यवाह

सर्वांना विनंती, की उत्तर फक्त बाईंच्या प्रश्नाचे द्यावे. गणपतीचा जमाखर्च वार्षिक सभेत येईल.

माझी भर एवढीच. शुक्रवारी ही म्युझियमे उशिरापर्यंत उघडी असतात: ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्ही अँड ए दहापर्यंत. बाई गुरुवारी उतरणार असल्याने दुसराच दिवस शुक्रवार येतो, आणि त्या रात्री त्यांना गाडीची चिंता नसावी. आठवड्याच्या भाड्याला जी वरची मर्यादा आहे (ती गाठली की पुढे भाडे कापत नाहीत), तिचा लाभ मात्र त्यांना फारसा होणार नाही, कारण तो आठवडा सोमवार ते रविवार धरतात.

आंबेडकरांचे घर १०, किंग हेन्रीज रोड येथे आहे. चॉक फार्म स्थानकावरून चालत जावे. १९२१-२२ मध्ये ते तेथे राहत होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. बसवेश्वरांचा पुतळा लँबेथ पुलाच्या दक्षिणेकडील काठावर, अल्बर्ट एम्बँकमेंटला आहे. दोन्हींचे उद्घाटन १४ नोव्हेंबर २०१५ या एकाच दिवशी झाले. पार्लमेंटच्या बाजूने पूल ओलांडून गेल्यास पुतळ्यापर्यंत भाडे पडत नाही. बेळगावातल्या गोवावेसच्या बसवेश्वर सर्कलवरून आयुष्यभर ये-जा केलेल्या माणसाने तो पाहावाच, असे माझे मत आहे. आमच्या मंडळातले निम्मे लोक अजून गेलेले नाहीत.

प्रेषक: शहापूरच्या बाई, बेळगाव

सर्वांचे आभार. निकाल असा लावला आहे. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार या तीन रात्री किंग्ज क्रॉसला राहीन. मध्यातली तिन्ही म्युझियमे आणि ग्रिनिच तेवढ्यात उरकेन, आणि शुक्रवारची संध्याकाळ व्ही अँड एला देईन. रविवारी संध्याकाळी स्लाउला येईन. तेथून आंबेडकरांचे घर आणि बसवेश्वरांचा पुतळा या उरलेल्या दोन ठिकाणी जाताना सकाळी साडेनऊनंतर निघेन, म्हणजे गर्दीच्या वेळेचे भाडे टळेल; बुधवारी विमानतळही जवळ पडेल. खानापूरकर, आपल्या घरी जेवायचे आहेच, पण व्ही अँड एमध्ये मी हरवणार नाही.

पौंडांचे कार्ड काल शाखेतून घेतले. खूण आहे. परदेशी वापर सुरू केला आहे का, हे मी तीनदा विचारले, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच सुरू करून देतात आणि बाकीचे आपण मागून घ्यावे लागते. काउंटरवरच्या मुलीने शेवटी ते माझ्यासमोर सुरू करून दाखवले.

वसतिगृहाने कळवले आहे, की सामानाच्या कपाटाचे कुलूप आपले आपण आणावे. ते केवढे असावे?

प्रेषक: निपाणीच्या वहिनी, हॅरो

बाई, लहान आणि बारीक दांड्याचे आणावे. जाड दांडा त्या कड्यातून जात नाही. खडेबाजारात मिळेल. किल्लीपेक्षा आकड्यांचे बरे, आणि आकडे भाचीलाही सांगून ठेवावेत.