सुपरहिरोसारखे शरीर हवे म्हणून शस्त्रक्रिया: एकोणीस वर्षांच्या मुलाला काय सांगावे?

प्रश्न: गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून तो नियमाने जिमला जातो आणि आम्हाला त्याचे कौतुकच वाटत होते. गेल्या महिन्यात माझ्या शिवणयंत्राच्या खणातली मोजपट्टी सापडेना म्हणून शोधाशोध केली, तेव्हा ती त्याच्या टेबलाच्या खणात एका वहीसोबत मिळाली. वहीत रोजच्या तारखेखाली दंड, छाती आणि कंबर यांचा घेर पाव इंचापर्यंत लिहिलेला होता. काही दिवशी तर सकाळी एकदा आणि रात्री एकदा. शेवटच्या पानावर एका अमेरिकन सुपरहिरोचे चित्र चिकटवून त्याच्या शेजारी गाठायची मापे लिहिली होती.

मी विचारले तेव्हा तो चिडला नाही. त्याने शांतपणे सांगितले की त्याला छातीची आणि पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे. छातीवर मुलींसारखा फुगवटा आहे असे त्याचे म्हणणे आहे, आणि पोटावर कितीही व्यायाम केला तरी सिक्स पॅक दिसत नाहीत. तो एकटाच एका केंद्रात चौकशी करून आला होता. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत. समुपदेशक म्हणवणाऱ्या एका व्यक्तीने दोन्ही शस्त्रक्रियांचा एकत्रित दर आणि मासिक हप्ता कागदावर लिहून दिला.

त्याचे वडील म्हणतात की हे वयाचे खूळ आहे, आपोआप उतरेल. मला तसे वाटत नाही. गणपतीत सोवळे नेसून आरतीला उभे राहणे त्याने दोन वर्षांपासून सोडले आहे आणि ऐन मे महिन्यातही तो बनियनवर जाड काळा टी-शर्ट घालतो. त्याचे दुःख खरे आहे हे मला दिसते, म्हणून त्याला हसण्यावारी न्यायचे नाही. या शस्त्रक्रियांनी नेमके काय होते आणि त्याच्याशी कसे बोलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1: टाका_आणि_धागा

ताई, मी प्लास्टिक सर्जन असून पंचवीसहून अधिक वर्षे या व्यवसायात आहे. आपल्या मुलाने एका दमात दोन गोष्टी मागितल्या असल्या तरी त्या पूर्णपणे वेगळ्या आहेत, आणि त्या केंद्राने त्यांची एकत्र मोट बांधावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

आधी छातीचे पाहू. मुलांच्या छातीत स्तनग्रंथी वाढण्याला आम्ही गायनेकोमॅस्टिया म्हणतो. जिममधली मुले त्याला 'गायनो' म्हणतात. वयात येताना पुष्कळ मुलांना हा त्रास होतो आणि बहुतेकांचा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातो. जो त्यानंतरही राहतो, ज्यात स्तनाग्रामागे रबरासारखी टणक चकती हाताला लागते, तो व्यायामाने जात नाही, कारण ती चरबी नसून ग्रंथी असते. अशा मुलाला शस्त्रक्रियेचा खरोखर उपयोग होतो. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेला लहान छेद घेऊन ग्रंथी काढतात, भोवतालची चरबी नळीने ओढून घेतात आणि पुढे काही आठवडे घट्ट जाकीट घालावे लागते. मात्र त्याआधी कारण शोधणे आवश्यक असते. वृषण, यकृत आणि थायरॉइड यांची तपासणी करावी लागते आणि संप्रेरकांसाठी रक्त तपासावे लागते.

आता एक प्रश्न विचारतो, आणि तो विचारल्याबद्दल राग मानू नये. मुलगा जिममध्ये कोणती इंजेक्शने किंवा गोळ्या घेतो का? स्नायू वाढवण्यासाठी बाहेरून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेतले की शरीर त्याचा काही भाग इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात बदलते आणि त्यातून छातीतली ग्रंथी वाढू शकते. शिवाय शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनणे मंदावते, वृषण आकसतात आणि शुक्राणूंची संख्या घटते. पुरुषी शरीर मिळवण्यासाठी घेतलेल्या औषधानेच ज्याची छाती बायकी दिसू लागली आहे, असा तरुण समोर बसून मान खाली घालतो, तेव्हा त्याच्याशी अतिशय जपून बोलावे लागते. औषध चालूच राहिले तर शस्त्रक्रियेनंतरही ग्रंथी पुन्हा वाढू शकते.

पोटाबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. पोटाच्या मधल्या स्नायूवर आडव्या तंतूंचे पट्टे असतात आणि त्यांच्यामुळेच पोटावर खण पडल्यासारखे दिसतात. हे पट्टे किती असावेत आणि ते समोरासमोर असावेत की खालीवर, हे जन्मतःच ठरलेले असते. कोणाला चार खण दिसतात, कोणाला सहा, कोणाला आठ. व्यायामाने खण ठळक होतात, पण त्यांची संख्या बदलत नाही. 'सिक्स पॅक शस्त्रक्रिया' म्हणून जे केले जाते त्यात स्नायूला हातच लावलेला नसतो. त्वचेखालची चरबी ठरावीक रेषांवर जास्त आणि इतरत्र कमी काढून चरबीतच नक्षी कोरली जाते. बारीक अंगाच्या, वजन स्थिर असलेल्या प्रौढ माणसावर निष्णात हाताने केली तर ती बरी दिसते. परंतु पुढे वजन वाढले की उरलेल्या चरबीच्या पेशी फुगतात आणि कोरलेल्या रेषांमधून ओबडधोबड उंचवटे येतात. एकोणीस वर्षांच्या मुलाचे शरीर अजून भरायचे आहे. त्यावर अशी नक्षी मी कोरणार नाही.

उत्तर 2: रेघोट्या

मी चित्रकार आहे आणि कॉमिक्सच्या रंगकामावर बरीच वर्षे पोट भरले आहे, त्यामुळे वहीच्या शेवटच्या पानावरच्या त्या चित्राबद्दल लिहितो.

1938 मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा त्याचा पोशाख त्या काळच्या सर्कशीतल्या पैलवानांवरून घेतलेला होता आणि अंगही तसेच होते: रुंद छाती, जाड कंबर, स्नायूंची कोरीव रेघ जवळजवळ नाही. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ही शरीरे फुगत गेली. याचे मोजमापही झालेले आहे. हॅरिसन पोप या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मुलांच्या खेळण्यातले बाहुले मोजले. 1964 चा जी. आय. जो हा सैनिक बाहुला पाच फूट दहा इंच उंचीचा माणूस असता तर त्याचा दंड सुमारे 12 इंच भरला असता. त्याच मालिकेतल्या 1990 च्या दशकातल्या बाहुल्याचा दंड त्याच हिशेबाने जवळपास 27 इंच आणि छाती 55 इंच भरते. सत्तावीस इंच म्हणजे पुष्कळ मुलांच्या कमरेचा घेर झाला.

कागदावर हे चालते, कारण आम्ही हाडे आणि आतडी काढत नाही. अडचण झाली ती पडद्यावर हाडामांसाच्या नटाने तसेच दिसावे ही अपेक्षा आली तेव्हा. 1978 च्या चित्रपटात सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्ह यांनी पोशाखाखाली कृत्रिम स्नायू घालायला नकार दिला आणि व्यायाम करून अंग भरले. ते अंग आज पाहिले तर एखाद्या उत्तम खेळाडूचे वाटते. 1989 मधल्या बॅटमॅनची छाती आणि पोट रबरी पोशाखावर साच्यातून काढलेले होते, आणि प्रेक्षकांनाही ते चिलखत आहे हे कळत होते. आता मात्र कातडीच चिलखतासारखी दिसावी लागते. वुल्व्हरिन या सुपरहिरोची भूमिका करणारे ह्यू जॅकमन यांनी उघड्या अंगाच्या दृश्याआधी पाणी पिणे बंद करावे लागते हे स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. अभिनेते कुमैल नानजियानी यांनीही 2019 मध्ये आपले बदललेले शरीर दाखवताना लिहिले होते की वर्षभर उत्तम प्रशिक्षक आणि आहारतज्ज्ञ स्टुडिओच्या खर्चाने मिळाले नसते तर हे जमले नसते. म्हणजे आपल्या मुलाने जे चित्र चिकटवले आहे, ते शरीर त्या नटाकडेही रोज नसते. ते चित्रीकरणापुरते, तहानेने आणि प्रकाशयोजनेने जमवून आणलेले असते, आणि आपला मुलगा तेच कायमचे कोरून मागतो आहे. माझ्या मते त्याच्याशी बोलताना हा धागा उपयोगी पडेल, कारण यात त्याच्या आवडीचा अपमान नाही.

आणखी एक गोष्ट मला फार दिवस सतावते. 1941 मध्ये आलेल्या कॅप्टन अमेरिकाची कथा अशी आहे की सैन्यात नाकारलेल्या किरकोळ पोराला एक औषध टोचतात आणि क्षणात त्याचे शरीर पालटते. 2011 च्या चित्रपटात या प्रसंगातला किडकिडीत देह संगणकाने बारीक केलेला होता. नटाचे मूळ शरीर धष्टपुष्टच होते. एका सुईत पालटणारे शरीर ही कल्पना मुलांच्या मनात आपणच पेरली आहे, आणि त्यात माझ्या रंगांचाही वाटा आहे.

हे वेड फक्त आजचे नाही. ज्याच्या नावावरून आपण 'सँडो बनियन' म्हणतो तो युजेन सँडो ग्रीक पुतळ्यांची प्रमाणे आदर्श मानून शरीर कमावत असे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही उमेदीच्या काळात कित्येक वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला आणि मगच ते सूर्यनमस्कारांकडे वळले. फरक इतकाच की त्या काळी पुतळा गाठायला घामाशिवाय मार्ग नव्हता.

उत्तर 3: पहाटेची_तालीम

काकू, तुमच्या मुलाच्या जागी मी सात वर्षांपूर्वी होतो, म्हणून लिहितो आहे. जिममधल्या एका वरिष्ठ मुलाच्या सांगण्यावरून मी विसाव्या वर्षी इंजेक्शने सुरू केली. तिथे त्याला 'सायकल' म्हणतात. ऐकणाऱ्याला व्यायामाचेच यंत्र वाटावे. चार महिन्यांत दंडावर बेटकुळी अशी आली की मित्र हात लावून बघत. त्यानंतर छाती दुखू लागली आणि गायनो झाला. शस्त्रक्रिया केली, ती व्यवस्थित झाली आणि डॉक्टरही चांगले होते. पट्टा सुटला त्या दिवशी आरशात छाती सपाट दिसली, आणि त्याच मिनिटाला माझी नजर खांद्यांवर गेली. खांदे उतरलेले वाटले. पुढे पिंढऱ्या बारीक वाटल्या, आणि पिंढरीत सिलिकॉन बसवून मिळते हे मी रात्री दोन वाजता शोधून काढले होते.

शेवटी माझ्या बहिणीने मला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी सांगितले की याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात: अंग कमावलेले असूनही आपण किरकोळ आहोत असेच दिसत राहते. समुपदेशनाचे एक ठरावीक तंत्र आणि जोडीला गोळ्या, असे दीड वर्ष उपचार झाले. शस्त्रक्रियेने माझी छाती बरी झाली, पण वही बंद झाली नाही. हो, माझ्याकडेही वही होती. तुमच्या मुलाला 'तू छान दिसतोस' असे कृपया सांगू नका. माझी आई तसे म्हणायची आणि तिला काहीच दिसत नाही असे वाटून मी अधिकच एकटा पडायचो. दिवसातून किती वेळ हे विचार डोक्यात असतात, एवढेच विचारा.

पुन्हा: गोदाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणे झाल्यावर मी त्याला तोच प्रश्न विचारला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "झोपेत नसतात." नंतर त्याने स्वतःच कपाटातून एक डबा आणि दोन कुप्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. डब्यावर प्रथिनांची भुकटी असे छापलेले आहे. कुप्यांवरची अक्षरे मला नीट लागली नाहीत. सहा आठवडे घेतल्याचे त्याने सांगितले. वडिलांना सांगू नकोस अशी त्याची विनंती होती, पण आम्ही दोघांनी मिळूनच सांगितले. ते रागावले नाहीत. उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले.

गुरुवारी संप्रेरकतज्ज्ञांची वेळ घेतली आहे आणि पुढच्या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांची. छातीच्या शस्त्रक्रियेला मी नाही म्हटलेले नाही. आधी तपासण्या, मग निर्णय, हे त्याने मान्य केले आहे. गुरुवारी सोबत काय न्यावे हे कळवले तर बरे होईल.

उत्तर: टाका_आणि_धागा

ताई, डबा आणि दोन्ही कुप्या जशाच्या तशा सोबत न्याव्यात. लेबले खरवडू नयेत. टेस्टोस्टेरॉनचा नमुना सकाळी लवकर आणि उपाशीपोटी द्यायचा असतो, म्हणून दुपारची वेळ मिळाली असेल तर रक्त सकाळीच देता येईल का, हे आधी विचारून घ्यावे. शेवटचे इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतले ते लिहून न्यावे; ते त्याच्या वहीत असेलच. पुढे कधी शस्त्रक्रियेचा विचार झाला, तर करणाऱ्याकडे प्लास्टिक सर्जरीतील एम. सी. एच. किंवा डी. एन. बी. पदवी आहे का, हे पाहावे. तसेच पहिल्या भेटीत समुपदेशक नव्हे तर स्वतः सर्जन तपासतात का, याचीही खात्री करून घ्यावी.